आप्पाजी नेटके कुठं बसतात?

मला लिहिता येत नाय. सही येते, पण ती दर वेळी वेगळी येते, म्हणून बँकेतली बाई म्हणते, नाना, तुम्ही आपला अंगठाच द्या. तर हे मी बोलतोय आणि माझी नात स्वरा लिहून घेतीय. सहावीत हाय ती. तिला म्हणलंय, मी बोलतो तसंच लिही, सुधारू नको. तरी ती सुधारणारच. एक वाक्य लिहून झालं की मला वाचून दाखवते आणि म्हणते, "आता परत सांगा." ही सवय तिची नाय. ही साळवे मॅडमची सवय. त्यांचंच सांगायचंय.

मी निफाड तालुक्यातला, द्राक्षाच्या बागा छाटणाऱ्या टोळीचा मुकादम. द्राक्षाच्या काडीवर जिथून कोंब निघतो त्याला आम्ही डोळा म्हणतो. दिवसभर आमचं तेच चालतं. किती डोळे ठेवले, डोळा फुटला का, अमक्याच्या बागेत डोळे मागंपुढं का फुटले. आमच्याकडं डोळा फुटला म्हणजे आनंदाची गोष्ट. त्यामुळं नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, चला, आपल्याच धंद्यात आलो. इतका मी शहाणा.

त्याच्या आधीचा शहाणपणा तर अजून मोठा. स्वरा दीड वर्षाची असताना माझ्या पोरानं, संदीपनं, मोबाईलवर तिचा फोटो काढला. फोटोत तिचा एक डोळा काळा आणि एक पांढरा चमकलेला, मांजरासारखा. मी तो फोटो घेऊन गावभर फिरलो. पारावर दाखवला, सोसायटीत दाखवला, न्हाव्याला दाखवला. "बघा, नात कशी वाघीण हाय, डोळ्यात हिरा हाय." न्हावी म्हणाला, नाना, तुमच्यावर गेली. मी फुगलो. तीन-चार महिने मी तो हिरा मिरवला. शेवटी लसीकरणाला आलेल्या ताईनं फोटो बघितला आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, उद्याच्या उद्या नाशिकला न्या. त्या डोळ्यात गाठ होती. कॅन्सरची. तेवढ्याशा पोरीला.

दवाखान्यात पहिल्या दिवशी एक बाई फडक्यानं टेबल पुसत होत्या. सुती साडी, चष्मा दोरीनं गळ्यात, पन्नाशी उलटलेली. मी म्हणलं, "मावशी, जरा चहा मिळंल का? आणि त्या समजावून सांगणाऱ्या मोठ्या मॅडम कुठं हायत?" त्या म्हणाल्या, "बसा." चहा आणला. माझा, संदीपचा, सून मनीषाचा आणि चौथा स्वतःचा. मग स्टूल ओढून आमच्यात बसल्या आणि म्हणाल्या, "मी साळवे. टेबल माझं आहे म्हणून मीच पुसते. आणि मी डॉक्टर नाही बरं का. डॉक्टर जे बोलतात ते तुम्हाला समजेपर्यंत माझी सुट्टी होत नाही, एवढंच माझं काम."

मी म्हणलं, "मग तुमचं अवघड हाय. मला समजायचं म्हणजे तुमची पेन्शन निघून जाईल."

"बघू," म्हणाल्या.

त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती. सगळी स्टुलं, एकाच उंचीची. त्यांनी खुर्ची बाहेर काढून टाकली होती. टेबलाच्या पलीकडं खुर्चीवर बसून बोललं की समोरचा नुसती मान हलवतो, असं त्यांचं म्हणणं. आणि "समजलं का?" हे त्या कधीच विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, समजलं का विचारलं की माणूस हो म्हणतो आणि घरी जाऊन रडतो. त्या म्हणायच्या, "आता मला परत सांगा." तुमच्या शब्दांत. धोबी असला तर इस्त्रीच्या भाषेत सांगा, कंडक्टर असला तर तिकिटाच्या. मोठे डॉक्टर आले तरी त्यांना सोडायच्या नाहीत. एकदा एका नवीन डॉक्टरनं आमच्यासमोर भरभर इंग्रजी बोलून टाकलं, तर म्हणाल्या, "सर, आता हे बाबा काय समजले ते तुम्ही मला परत सांगा." तो डॉक्टर लाल झाला. रडणाऱ्या माणसाला "रडू नका" असं त्यांनी कधी म्हणलं नाय. म्हणायच्या, "रडा. मला एकपर्यंत वेळ आहे. एकला मी जेवते." आणि एकला खरंच जेवायच्या, भाकरी आणि ठेचा, दार उघडं ठेवून. पेन्सिलीला टोक मात्र ब्लेडनं करायच्या, मशीन वापरायच्या नाहीत, कारण ब्लेडनं निघालेली साल लांब येते आणि तिचं फूल करून लहान पोरांना देता येतं. स्वराकडं अजून एक डबीभर आहेत तसली फुलं. आता लिहिताना हसतीय ती.

आठवड्यानं परत गेलो तेव्हा मॅडमनं कागदावर गोल आणि चौकोन काढले. बाया गोल, बाप्ये चौकोन. म्हणाल्या, दोन्हीकडच्या घरात कुणाला डोळ्याचं काही होतं का? लहानपणी कुणाचा डोळा गेला?

मी वाटच बघत होतो. म्हणलं, "सुनेच्या मामाचा गेलाय. एकाच डोळ्याचा हाय तो. हे तिकडूनच आलंय."

स्वरा विचारतीय, हे लिहू का. लिही.

मनीषा खाली बघत होती. घरात मी हे आठ दिवस बोलत होतो, तिच्या समोर आणि तिच्या मागं. तिची सासू बोलत होती ते वेगळंच, ग्रहणात भाजी चिरली म्हणून. मॅडमनं कागदावर काहीच लिहिलं नाय. मनीषाला विचारलं, "मामाचा डोळा कशानं गेला?" ती म्हणाली, "ऊस तोडताना पात लागली. मी चौथीत होते. आम्हीच त्यांना दवाखान्यात नेलं होतं." एवढंच बोलली. मॅडमनं पेन्सिल फिरवून माझ्याकडं बघितलं. "आणि बाबा, तुमच्या घरात?"

"आमच्याकडं सगळे चोख."

"मग तुमचेही डोळे तपासून टाकू. सगळ्यांचेच तपासतो आम्ही."

मला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवलं. तिथल्या मुलीला वाटलं मला वाचता येतं. मी पण कशाला सांगू. पहिल्या ओळीपासून ठोकून दिलं, क, ब, म, ग. ती म्हणाली, "आजोबा, हा इंग्रजी तक्ता आहे." मग दुसरा आणला, हातात धरायचा, नुसत्या फणीसारख्या खुणा कुठल्या बाजूला तोंड करून बसल्यात ते सांगायचा. त्यात असं निघालं की मला जवळचं धड दिसतच नाय, आणि ते बरीच वर्षं. म्हणजे इतकी वर्षं लोकांच्या बागेत मी डोळे अंदाजे मोजत होतो. मॅडमला रिपोर्ट गेला. त्या म्हणाल्या, "चोख घराणं आहे खरं." मला चष्मा लागला.

मग तो दिवस आला. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ फार वाढलीय, डोळा काढावा लागेल, म्हणजे पोरगी वाचेल. खोलीत कुणी बोलेना. मनीषा नाय, संदीप नाय. मला शांतता सहन होत नाय, हा माझा जुना आजार. माझ्या तोंडातून निघून गेलं, "एप्रिलच्या छाटणीत आम्ही पण एका काडीवर एकच डोळा ठेवतो."

संदीपनं माझ्याकडं असं बघितलं की मी बाप नसतो तर हाणलंच असतं. पण साळवे मॅडम म्हणाल्या, "मग पुढं काय होतं?"

"पुढं काय. त्या एका डोळ्यातून सगळी नवी काडी येते. वर्षभराचं सगळं पीक त्याच्यावर."

मनीषानं त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. माझ्याकडं नाय, मॅडमकडं बघून. आणि म्हणाली, "कधी करायचं?"

मॅडम मला बाहेर म्हणाल्या, "बाबा, तुमच्या तोंडाला छाटणीची गरज आहे. पण आजचा डोळा फळाचा निघाला."

ऑपरेशन झालं. काढलेल्या डोळ्यातली गाठ तपासायला पाठवली. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "रक्तात काही सापडलं नाही. आता गाठीचं एपिजेनेटिक बघावं लागेल, त्यावरून ठरेल." आणि गेले. मला ऐकू आलं, आप्पाजी नेटके बघतील, त्यांच्यावर ठरेल. म्हणलं हे कुणीतरी सगळ्यात मोठे डॉक्टर असणार. नावावरून म्हातारे वाटले, टोपी घालणारे. मी उठलो आणि शोधायला लागलो. वॉचमनला विचारलं, आप्पाजी नेटके कुठं बसतात? तो म्हणाला, वर विचारा. वर गेलो तर म्हणाले, तळमजल्यावर विचारा. औषधाच्या खिडकीतला म्हणाला, नेटके पूर्वी होते. आणि एक ट्रॉलीवाला तर छातीठोक म्हणाला, "आज रजेवर हायत." शेवटी मॅडमकडं आलो. म्हणलं, "मॅडम, आप्पाजी नेटके आज रजेवर हायत म्हणे. मग उद्या येऊ का?"

त्यांनी चष्मा काढला. "कोण?"

"आप्पाजी नेटके. ज्यांच्यावर स्वराचं ठरणार हाय ते."

मला वाटलं रागावल्या. तोंडावर पदर धरून बसल्या. मग बघतो तर खांदे हलत होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. मी म्हणलं, "रडा, मला एकपर्यंत वेळ आहे." मग तर विचारूच नका.

त्या दिवसापासून दवाखान्यात त्या तपासणीला कुणी खरं नाव घेईना. फोन यायचा, "बाबा, आप्पाजींचा निरोप अजून आलेला नाही."

निरोप येईपर्यंत घरात काय चाललं होतं ते पण सांगतो. मी संदीपला म्हणलं होतं, मनीषाला पोरीला घेऊन थोडे दिवस माहेरी राहू दे. थोडे दिवस म्हणजे किती, हे मी बोललो नव्हतो आणि सगळ्यांना कळलं होतं. पुढचं मूल पण असंच झालं तर, असं मी बोललो होतो, मोठ्यानं. संदीप गप्प बसला. ती गेली.

मॅडमचा फोन आला तेव्हा संदीप बागेत अडकलेला. मीच उठून गेलो. म्हणलं, "द्या निरोप."

"नाही," म्हणाल्या. "हा स्वराच्या आईवडिलांना सांगायचा आहे. त्यांना घेऊन या. आईला आधी."

"ती माहेरी हाय."

"मला माहीत आहे. तिचा फोन येतो मला." पेन्सिलीला टोक करत होत्या. साल तुटली नाही पाहिजे म्हणून माझ्याकडं बघितलं पण नाय. "तुम्ही स्वतः जाऊन आणा. मी वाट बघते."

मी रागानं बाहेर आलो. एस्टी स्टँडवर तासभर बसलो. मग मनीषाच्या माहेरच्या गाडीत बसलो. तिच्या बापानं दारात पाणी दिलं, बसा म्हणाला नाय. मी म्हणलं, "मॅडमनं बोलावलंय. आप्पाजी नेटक्यांचा निरोप आलाय." तो म्हणाला, "हे कोण?" आतून मनीषा हसल्याचा आवाज आला. तिला मॅडमनं फोनवर सगळं सांगितलेलं. ती स्वराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "चला मामंजी." मला माफी मागायची होती. ती पण मला धड येत नाय. मी पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे स्टुलावर. मॅडमनं कागद घेतला. म्हणाल्या, शरीरातल्या प्रत्येक बारीक पेशीत दोन राखणदार असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पेशी उगाच वाढायला लागली की ते म्हणतात, बस. काही मुलांत एक राखणदार मोडकाच जन्माला येतो, ते रक्तात दिसतं, ते घराण्यातून येऊ शकतं. स्वराच्या रक्तात दोन्ही धड आहेत. आणि गाठीत बघितलं तर तिथंही मोडलेले नाहीत.

"मग?" संदीप म्हणाला.

"झोपलेत. त्यांच्यावर बारीक टोप्या चढल्यात. पुस्तकातलं अक्षर न अक्षर बरोबर आहे, पण ते पान वाचलंच जात नाही."

मी म्हणलं, "मला सगळीच पानं तशी हायत."

"म्हणून तुम्हालाच विचारते." त्यांचे वडील मनमाडला रेल्वेत सांधेवाले होते, म्हणून त्यांनी आधी रुळाचं सांगून बघितलं. रूळ तेच, एंजिन तेच, नुसता सांधा फिरला की गाडी भलतीकडं जाते. "आता परत सांगा, बाबा."

मी म्हणलं, "म्हणजे पोरीला मनमाडला न्यायचं?"

मनीषानं पदर तोंडाला लावला. मॅडमनं दीर्घ श्वास घेतला. "रूळ राहू द्या. तुमच्या बागेतलं सांगा. एका वेलावरचे सगळे डोळे एकदम फुटतात का?"

"नाय. काही झोपून राहतात."

"का? त्यांची जात वेगळी असते?"

"जात कशी वेगळी असंल? वेल एक, मूळ एक, पाणी एक. थॉमसन असला तर झोपलेला डोळा पण थॉमसनच." आणि बोलता बोलता पुढचं मला दिसायला लागलं. चष्मा होता ना. म्हणलं, "डोळा झोपला म्हणून आम्ही रोपाला शिव्या नाय देत. रोप जिथून आणलं त्या नर्सरीला पण नाय देत."

"मग स्वराचं सांगा."

"तिच्या डोळ्यातला राखणदार झोपला. तो मोडका आला नव्हता."

"कुणाकडून आलं?"

"कुणाकडून नाय."

"ऐकू नाही आलं."

"कुणाकडून नाय आलं. मनीषाकडून नाय, मामाकडून नाय, ग्रहणातनं नाय. तिथंच झालं, आपोआप."

मॅडमनं मनीषाकडं बघितलं. "तुला ऐकू आलं?" ती रडत होती, मान हलवली. मॅडमनं घड्याळ बघितलं, एकला दहा कमी होते. त्या दिवशी भाकरी दोनला उघडली.

मग त्यांनी नीट सांगितलं. दुसऱ्या डोळ्याला आणि पुढच्या बाळाला भीती अगदी थोडी. नाहीच असं मी म्हणणार नाही, म्हणाल्या, तपासायला यायचं म्हणजे यायचं. मी संदीपला म्हणलं, ऐकलं का, यायचं. जसं काही तोच चुकवणार होता.

उठता उठता माझ्या डोक्यात आलं ते विचारलं. म्हणलं, "मॅडम, ऑक्टोबरात आम्ही झोपलेल्या डोळ्यांना पेस्ट लावतो. फडक्यानं एकेका डोळ्याला. मग सगळे बरोबर जागे होतात. हात भाजतात, आणि त्या दिवशी दारू बाधते म्हणून प्यायची नसते, वर्षातला तेवढाच एक दिवस आमच्या टोळीत शांतता असते. पण जागे होतात. तुमच्याकडं तशी पेस्ट नाय का? टोपी काढणारी?"

मॅडमनं टेबल पुसलं, आधीच पुसलेलं होतं. म्हणाल्या, "बाबा, जगभरात शिकलेली माणसं हीच पेस्ट शोधतायत. अजून या आजाराला तशी सापडलेली नाही. पण प्रश्न तुम्ही त्यांचाच विचारलात."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं मोठं बोललं नव्हतं. मी गावात जाऊन सांगितलं. न्हाव्याला खरं वाटलं नाय.

नऊ वर्षं झाली. स्वराला काचेचा डोळा हाय, हुबेहूब. चुलतभाऊ भांडला की ती त्याला म्हणते, एका डोळ्यानं बघतीय म्हणून वाचलास. तिच्या मागं एक भाऊ झाला, त्याचे दोन्ही डोळे धड, अक्कल माझ्यावर गेलीय. मनीषा आता आमच्या टोळीचा हिशोब ठेवते आणि बागायतदारांशी मला बोलू देत नाय. घरात सगळ्यात कमी मला विचारतात. बरं चाललंय.

मॅडम रिटायर झाल्या त्या महिन्यात स्वराची तपासणी होती. मी पोरीला आत सोडलं आणि मॅडमच्या खोलीकडं गेलो. दार उघडंच. पाठमोऱ्या बसल्या होत्या, समोर एक तरुण जोडपं, बाईच्या मांडीवर तान्हं. पेठ-सुरगाण्याकडची वाटली ती दोघं, अंग चोरून बसलेली. मॅडम कागदावर वेल काढत होत्या. मी बघितलं, वेल चुकला होता, पण डोळे बरोबर काढले होते. त्या सांगत होत्या, "वेल तोच असतो. डोळा झोपला म्हणून वेलाचा दोष नाही, आणि आईचा तर नाहीच. आमच्याकडं एक माणूस सांगायचा, एप्रिलमध्ये अशा डोळ्यांना पेस्ट लावतात."

मला राहवलं नाय. दारातून म्हणलं, "मॅडम, ऑक्टोबरात."

त्यांनी वळून बघितलं. चष्मा दोरीवर सोडला. त्या जोडप्याला म्हणाल्या, "हे बघा. आप्पाजी नेटके आले."

तो पोरगा ताडकन उठला आणि मला हात जोडून म्हणाला, "नमस्कार, डॉक्टर."

मी मॅडमकडं बघितलं. त्या हसल्या नाहीत. पायानं एक स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बसा, आप्पाजी. यांना ऑक्टोबरचं सांगा."

मी बसलो.